युद्ध झालं नव्हतं म्हणून 'वॉर इंज्युरी पेन्शन' नाकारता येते का?

नाही, येत नाही. तुम्ही लिहिलंय की वडिलांचा पाय 2002 साली राजस्थान सीमेवर सुरुंग काढताना गेला, आणि 'तेव्हा लढाई कुठे झाली होती?' म्हणून त्यांना साध्या डिसॅबिलिटी पेन्शनवर ठेवलंय. हेच वाक्य आम्ही चार वर्षं ऐकलं. माझ्या यजमानांचा पाय त्याच ऑपरेशन पराक्रममध्ये, पंजाबच्या बाजूला गेला. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर 2001 मध्ये फौज सीमेवर गेली, शेतांतून सुरुंग पेरले गेले, आणि ते परत काढायला माणसंच लागली. त्या माणसांना युद्ध झालं नाही म्हणून कसं सांगायचं?

संरक्षण मंत्रालयाचं 31 जानेवारी 2001 चं पत्र मिळवा. त्यात इजा किंवा मृत्यू कशामुळे झाला यावरून 'ए' ते 'ई' अशा पाच वर्गवाऱ्या आहेत. 'ई' मध्ये शत्रूच्या कारवाईतली जखम आहेच, शिवाय सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेली इजाही स्पष्ट लिहिलेली आहे. तिला युद्ध जाहीर होण्याची अट नाही.

फरक किती पडतो, तर समजा मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचे 40 टक्के दिले. ब्रॉड बँडिंगने, म्हणजे टक्के वरच्या ठरलेल्या टप्प्याला नेण्याच्या नियमाने, ते 50 धरले जातात. साध्या डिसॅबिलिटीत शेवटच्या पगाराच्या दर शंभर रुपयांमागे 15 रुपये मिळतात, वॉर इंज्युरीत 30. बोर्ड-आउट होऊन, म्हणजे इजेमुळे नोकरीतून मुदतीआधी काढले जाऊन, घरी आले असतील तर 50. सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे केलेल्या नोकरीचा पेन्शनमधला भाग, वेगळं. ब्रॉड बँडिंग फक्त बोर्ड-आउट झालेल्यांना, असं कुणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा राम अवतार प्रकरणातला 10 डिसेंबर 2014 चा निकाल दाखवा. नोकरी पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू आहे.

पण सगळं अडतं ते एका कागदावर. इजा कशी झाली हे तेव्हा युनिटने काय लिहिलं? आमच्या पीपीओच्या (पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या) मागच्या फाइलीत नुसतं 'अपघात' होतं. रेकॉर्ड ऑफिसकडून इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशीचे कागद) आणि पार्ट टू ऑर्डर (जवानाबद्दलच्या घटनांची युनिटने केलेली अधिकृत नोंद) माहिती अधिकारात मागा. पहिल्यांदा आम्हाला 'कागद उपलब्ध नाहीत' असं उत्तर आलं. अपील केल्यावर सापडले, आणि त्यात 'माइन लिफ्टिंग करताना' हे तीन शब्द होते. त्या तीन शब्दांवर आमचा दावा उभा राहिला.

रेकॉर्ड ऑफिसने नाही म्हटलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. इतक्या वर्षांनी कसं जायचं, ही भीती सोडा. पेन्शन कमी मिळणं हा दर महिन्याला होणारा अन्याय आहे, त्यामुळे दावा मरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात म्हटलंय. थकबाकी मात्र सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणून आणखी उशीर करू नका.

आणि अर्ज लिहिण्याआधी वडिलांजवळ निवांत बसा. तारीख, जागा, बरोबर कोण होतं, उचलून कुणी नेलं, सगळं लिहून घ्या. त्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं उपयोगी पडतात. वडील लगेच बोलणार नाहीत. आमच्याकडे पहिल्या दिवशी फक्त सोबत्याचं नाव मिळालं, बाकीचं सांगायला यजमानांना आठवडा लागला.