गोदामाची फरशी कोपऱ्यातच का फुटते?

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यात काळ्या जमिनीवर आमचं रुईच्या गाठींचं गोदाम आहे. तीन वर्षांपूर्वी ४ इंची काँक्रीट टाकलं. फोर्कलिफ्टच्या वाटेवरचे कोपरे फुटलेत. तुरीची पोती हमाल रचतात, ती बाजू शाबूत आहे. मिस्त्री म्हणतो, सगळं उखडून ८ इंच टाका, दुहेरी जाळी घाला. तेवढ्यानं भागेल?

उत्तर : भाऊ, ८ इंच योग्यच आहे, पण दुखणं खाली आहे. फुटक्या कोपऱ्याजवळ सब्बल आपटा, मग मधोमध आपटा. कोपऱ्यात ढबढब वाजलं तर खाली पोकळी आहे. उन्हाळ्यात वावरातल्या भेगेत हात जातो ना, तीच माती गोदामाच्या कडेखाली पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये आकसते. ३ टनी फोर्कलिफ्टनं पूर्ण माल उचलला की पुढच्या एकेका चाकावर ३ टनांच्या वर भार येतो. कोपऱ्याला दोन बाजूंनी आधार नसतो, त्यात खालून पोकळ, तिथंच मोडणार.

म्हणून निदान २ फूट काळी माती काढा. मुरूम ६-६ इंचांच्या थरानं, पाणी मारून, प्रत्येक थरावर रोलर फिरवून भरा. बाहेर नाली आधी करा, नाहीतर पत्र्याचं पाणी त्या मुरमात हौदासारखं साचेल आणि खालची माती आणखी फुगेल.

जाळी तडा थांबवत नाही, पडलेला तडा घट्ट धरून ठेवते. एकच पुरे, पण वरच्या तिसऱ्या हिश्श्यात. खाली सळईच्या खुर्च्या हव्यातच. मजुरांच्या पायाखाली ती तळाला गेली तर पैसे पाण्यात.

सांधे म्हणजे तडा ठरल्या रेषेतच जावा म्हणून ताज्या काँक्रीटमध्ये कटरनं कापलेल्या खाचा. त्यांच्याबाबत मी स्वतः चुकलो आहे. वणीकडं एका मे महिन्यात भरदुपारी काँक्रीट ओतू दिलं. कटरवाला दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आला. तोवर केसासारखे तडे आडवेतिडवे गेले होते. मालकाचा चेहरा अजून आठवतो. तुम्ही संध्याकाळी ओता, कटर जागेवर ठेवा. कडा न तुटता कापता येऊ लागलं की रात्रीच कापा, साधारण ४.५ मीटरचे चौकोन, २ इंच खोल. मग ओलं गोणपाट निदान १० दिवस.

पोत्यांची बाजू सब्बलीला ठणठण वाजत असेल तर तिला हात लावू नका. तो पैसा मुरमात घाला.