मैल तेवढेच, माइल्स कमी

तिकीटखिडकी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दादरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी एकतीस वर्षं काउंटरवर बसून तिकिटं काढली. मागच्या अंकात सहज एक वाक्य लिहून गेले, "माइल्स साठवू नका, उडवा." माइल्स म्हणजे विमान कंपन्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या खात्यात टाकतात ते बक्षिसाचे गुण. कोणी त्यांना पॉइंट्स म्हणतं. पुरेसे जमले की त्यातून तिकीट काढता येतं. त्यावर इतकी पत्रं आली की या खेपेला व्हिसा आणि बॅगांचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत.

ताई, आम्ही १९९८ पासून एडिसनला राहतो. दर दोन वर्षांनी मुंबईला येतो. पूर्वी जाऊन-येऊन एकेकाच्या खात्यात पंधरा हजारांच्या वर माइल्स पडायचे. मागच्या खेपेला दोघांचे मिळून दहा हजारसुद्धा झाले नाहीत. मुंबई जवळ आली की काय?
– एक वाचक, न्यू जर्सी

मुंबई आहे तिथेच आहे. तुमच्या नेवार्क विमानतळाहून साधारण ७,८०० मैल. बदललंय ते मोजमाप. पूर्वी तुम्ही किती लांब उडालात ते मोजत. आता तुम्ही किती पैसे मोजलेत ते मोजतात.

मुळातलं सांगते. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायला लागल्या. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने माइल्सची 'अ‍ॅडव्हांटेज' योजना काढली, आणि लगोलग, काही दिवसांतच, युनायटेडने आपली. नेहमीचं गिऱ्हाईक ओळखायचं कसं? अमेरिकनने आपल्या 'सेबर' या आरक्षणाच्या यंत्रणेत पुन्हा पुन्हा दिसणारे फोन नंबर शोधले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. आमच्याकडे प्रवाशाच्या घरी फोन नसे, असला तरी लागत नसे, म्हणून प्रत्येक बुकिंगमध्ये आम्ही दुकानाचाच नंबर घालायचो. त्या हिशेबाने जगातला सर्वांत जास्त उडणारा प्रवासी आमचं दादरचं दुकान ठरलं असतं!

तेव्हा मैल मोजणं सोयीचं होतं, कारण अंतरावर कोणी वाद घालत नाही. बोर्डिंग पासचा अर्धुक जपून ठेवायचा, माइल्स पडले नाहीत की तो फॉर्मला टाचून पोस्टाने पाठवायचा. आमच्या काउंटरखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गिऱ्हाइकांचे असे शेकड्यांनी अर्धुक असायचे. उन्हाळ्यात त्यांच्यावरची शाई उडून जायची आणि मग सीट नंबर कुठला, यावर पत्रव्यवहार.

पण या मोजमापात कंपनीला एक गोष्ट डाचत होती. न्यूयॉर्कहून शिकागोला आयत्या वेळी नऊशे डॉलर मोजून जाणाऱ्या साहेबाला मिळायचे सव्वासातशे माइल्स, आणि सहा महिने आधी स्वस्तातलं तिकीट काढून, दोन बॅगांत वजनकाट्यावर मोजून भरलेलं सामान घेऊन मुंबईला येणाऱ्या तुम्हा-आम्हाला एका बाजूचे साडेसात हजारांच्या वर. डेल्टाने १ जानेवारी २०१५ पासून हे उलटवलं. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये युनायटेड, आणि ऑगस्ट २०१६ पासून अमेरिकन. तेव्हा ठरलेला दर असा : साध्या सभासदाला डॉलरमागे ५, सगळ्यांत वरच्या पायरीवरच्याला ११. तेही मूळ भाडं आणि कंपनीचे अधिभार यांवर. सरकारी कर त्यात धरायचे नाहीत.

आता तुमचं तिकीट घ्या. कर वगळून हजार डॉलर धरले तर त्या दराने ५,००० माइल्स. पूर्वी तेवढ्याच प्रवासाचे १५,६००. तोच शिकागोचा साहेब सव्वासातशेवरून साडेचार हजारांवर गेला. लांब जाणारा आणि स्वस्तात जाणारा, असा जो प्रवासी होता त्याचंच या बदलात सगळ्यांत जास्त गेलं. आपली बहुतेक सगळी मंडळी नेमकी त्यात बसतात.

अजून एक. सगळ्यांत स्वस्त 'बेसिक' भाडं घेतलंत तर डेल्टावर माइल्स मिळतच नाहीत. आपल्या तिकिटाचा वर्ग कोणता, ते आधी पाहा. माझा भाचा सिएटलला असतो. तिथल्या अलास्का एअरलाइन्सने २०२६ पासून सभासदालाच विचारायचं ठरवलं, की मैलांवर मोजू, डॉलरवर मोजू की उड्डाणांवर? अशी निवड हाती असेल तर तुम्ही डोळे मिटून मैल घ्या.

यजमानांचे विस्तारा विमान कंपनीचे पॉइंट्स आता एअर इंडियाच्या महाराजा क्लबात दिसतात. लेकीचं लग्न उरकलं की दोन-तीन वर्षांनी सिंगापूरला जायचा विचार आहे. तोवर ठेवावेत ना?
– एक वाचक, ठाणे

नाही हो. लेकीच्या लग्नालाच वापरून टाका, पाहुण्यांची तिकिटं काढा.

एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये आपली जुनी 'फ्लाइंग रिटर्न्स' योजना (आताचा महाराजा क्लब) अंतरावरून रुपयांवर आणली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि 'क्लब विस्तारा'चे पॉइंट्स एकास एक या हिशेबाने इकडे आले. एकास एक ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. पण पॉइंट किती आहेत हा एक हिशेब आणि त्या पॉइंटात काय येतं हा दुसरा. दुसऱ्याचा भाव कंपनी ठरवते आणि कधीही बदलते. आधी खात्यात जाऊन मुदतीची तारीख तेवढी बघून घ्या.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. एका परदेशी कंपनीचे माइल्स मी सात वर्षं जमवले. टोकियोचं तिकीट साठ हजारांना होतं. डायरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने आकडा लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. अठ्ठावन्न हजारांवर आले होते. एका सोमवारी सकाळी खातं उघडलं तर त्याच तिकिटाला पंच्याऐंशी हजार! कंपनीने ईमेल पाठवली होती म्हणे. शोधली तर सापडली, साड्यांच्या सेलच्या दोन जाहिरातींच्या मधोमध, न उघडलेली. शेवटी त्या माइल्समधून पुतणीचं दिल्लीचं तिकीट आणि एक ट्रॉली बॅग घेतली. बॅगेचं चाक तिसऱ्या प्रवासात निघालं.

पूर्वी निदान दरपत्रक असायचं. खानावळीत भिंतीवर राइसप्लेटचा भाव लिहिलेला असतो ना, तसं : अमुक खंडातून तमुक खंडात जायचं तर इतके माइल्स. डेल्टाने ते २०१५ च्या फेब्रुवारीत काढून टाकलं, युनायटेडने नोव्हेंबर २०१९ मध्ये. लुफ्तान्साने जून २०२५ पासून स्वतःच्या उड्डाणांना बदलता भाव लावला. आता पापलेटसारखं झालंय. आज बाजारात जाऊन विचारायचं, आणि गणपतीनंतर काय भाव असेल ते विचारायचंच नाही.

मी लंडनला नोकरी करते. ब्रिटिश एअरवेजचं सिल्व्हर कार्ड होतं, त्यामुळे लाउंजमध्ये जाता यायचं. आता ते टिकवायला म्हणे साडेसात हजार पौंड खर्च करावे लागतात. खरंच?
– एक वाचक, लंडन

खरं आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्यांच्या 'एक्झिक्युटिव्ह क्लब'चा 'ब्रिटिश एअरवेज क्लब' झाला आणि पायऱ्या पौंडावर चढायच्या ठरल्या. एका पौंडाला एक टियर पॉइंट. सिल्व्हरला ७,५००, गोल्डला २०,०००. आधी सिल्व्हर ६०० पॉइंटांना होतं आणि लंडन-मुंबई बिझनेस क्लासच्या एका बाजूला १४० मिळत. म्हणजे वर्षात दोन फेऱ्या आणि युरोपात एखाद-दुसरी उडी, झालं काम. तिकीट सेलमध्ये घेतलंत की पूर्ण भाड्याने, याच्याशी देणंघेणं नव्हतं. वर्षाला ५० उड्डाणं करून सिल्व्हर घेण्याची वाट त्यांनी ठेवली आहे, पण पन्नास वेळा उडणारीला हा प्रश्न पडला नसता.

तू लिहिलंयस की डिसेंबरात "पॉइंट्स भरायला" एक रोमवारी करतेस. करू नकोस गं. त्या वारीच्या सहाशे पौंडांत लाउंजचे किती चहा होतात ते मोज. रोम बघायचं असेल तर जा, उन्हाळ्यात जा.

ही सगळी भानगड बंद करून सरळ भाडं का कमी करत नाहीत?
– एक वाचक, नाशिक

कारण माइल्स विकून पैसे मिळतात.

तुम्ही बँकेचं क्रेडिट कार्ड किराणा दुकानात घासता आणि खात्यात माइल्स पडतात. ते माइल्स बँकेने विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन घेतलेले असतात. २०२३ मध्ये डेल्टाला एकट्या अमेरिकन एक्सप्रेसकडून सातेक अब्ज डॉलर मिळाले. २०२० मध्ये विमानं जमिनीवर होती, गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा युनायटेड आणि डेल्टाने आपापली माइल्सची योजना तारण ठेवून अब्जावधींचं कर्ज उचललं. अडीनडीला बाई पाटल्या गहाण ठेवते, तसं. विमानांपेक्षा सावकाराला या पाटल्या जास्त आवडल्या.

म्हणूनच उडणाऱ्यापेक्षा कार्ड घासणाऱ्याचा मान वाढला. पण ताणलं की तुटतं हेही त्यांना कळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टाने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून पायरी फक्त खर्चावर मिळेल आणि सर्वांत वरच्या डायमंडला ३५,००० डॉलर लागतील. लोक असे खवळले, की बड्या कार्डवाल्यांनी कार्डं परत करायची भाषा केली. कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी आपण जरा जास्तच पुढे गेलो असं कबूल केलं आणि ऑक्टोबरमध्ये आकडा २८,००० वर आला. पस्तीस सांगून अठ्ठावीसला सोडणं. आमच्या दादरच्या फुटपाथवर याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि इंडिगो बघा. २००६ पासून अठरा वर्षं असली योजनाच नव्हती, तरी देशात पहिल्या नंबरवर बसली. 'ब्लूचिप' काढलं ते २०२४ मध्ये.

मी निवृत्त वकील. करार झाल्यावर एका बाजूने अटी बदलायच्या, हे चालतं कसं? कोर्टात कोणी गेलं नाही का?
– एक वाचक, नागपूर

गेले ना, काका. थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, दोनदा.

पहिला खटला वोलेन्स यांचा. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये नियम बदलले. काही तारखांना फुकट तिकीट बंद, काही विमानांत मोजक्याच जागा. आधी कमावलेल्या माइल्सनाही ते लागू केले, म्हणून सभासद भांडले. १९९५ चा निकाल तुमच्या आवडीचा आहे : राज्याच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली दाद नाही, पण कंपनीने स्वतः दिलेला शब्द मोडला असेल तर करारभंगाचा दावा चालेल.

दुसरे रब्बी गिन्सबर्ग. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या वरच्या पायरीचे सभासद. फार तक्रारी करता म्हणून २००८ मध्ये कंपनीने त्यांचं सभासदत्वच काढून घेतलं. त्यांचं म्हणणं, कराराला सद्भावनेने वागण्याची एक न लिहिलेली अट असतेच. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, की १९७८ च्या त्या नियंत्रणमुक्तीच्या कायद्यापुढे हा दावा टिकत नाही.

राहता राहिला छापील करार. त्यात काय असतं तुम्हीच ओळखा : "कंपनी या अटी केव्हाही बदलू शकते." सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चौघींकडे माइल्सच्या घटत्या मोलाबद्दल माहिती मागवली होती.

यजमान मार्चमध्ये गेले. कामानिमित्त खूप फिरायचे. पाकिटात तीन कंपन्यांची कार्डं सापडली. एका खात्यात दोन लाखांवर माइल्स आहेत असं मुलगा म्हणतो. ते मला मिळतील का? आमची फेब्रुवारीची मुलाकडे जायची तिकिटंही काढलेली होती.
– एक वाचक, पुणे

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

माइल्स सहसा नवऱ्याची मालमत्ता धरले जात नाहीत. बहुतेक सगळ्या कंपन्या नियमावलीत तसं स्पष्ट लिहितात. म्हणून वारसदाखला किंवा मृत्युपत्र दाखवलं की झालं, असं होत नाही. डेल्टाच्या नियमात तर मृत्यूनंतरही माइल्स दुसऱ्याच्या नावावर होणार नाहीत असं आहे. काही कंपन्या मात्र विनंती केल्यास, मृत्यूचा दाखला जोडल्यास, आपल्या मर्जीने देतात, आणि त्यालाही मुदत असते. तीनही कार्डांच्या नियमावलीत 'सभासदाचा मृत्यू' हे कलम मुलाला शोधायला सांगा. मग लेखी अर्ज करा. फोनवर बोलण्यात अर्थ नाही, दर वेळी नवा माणूस भेटतो आणि तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

पण त्याआधी फेब्रुवारीच्या तिकिटांचं बघा. ती पैसे देऊन काढली असतील तर तो प्रश्न अगदी वेगळा आहे. प्रवाशाचा मृत्यू झाल्यास परत न मिळणाऱ्या तिकिटाचेही पैसे बहुतेक कंपन्या दाखला पाहून परत करतात, आणि पुष्कळदा बरोबरच्या जवळच्या नातेवाइकाचेही. तिकीट एजंटाकडून काढलं असेल तर अर्ज त्याच्याचकडून जाऊ द्या. दाखल्याच्या चार-पाच प्रती महापालिकेतून आताच काढून ठेवा, आणि मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नका.