युक्काची (कुंडीतल्या जाड खोडाच्या शोभेच्या झाडाची) खालची पानं पिवळी पडत आहेत. आठवड्यातून दोनदा पाणी कमी पडतंय का?

कमी नाही, जास्त पडतंय. आजपासून पाणी बंद करा आणि आधी खोड तपासा. माती आणि खोड जिथे भेटतात तिथे अंगठ्याने जोरात दाबा. लाकडासारखं कडक लागलं तर झाड वाचलं. साल आतल्या गरावरून सरकली, बोट रुतलं किंवा आंबूस वास आला, तर कूज खोडात चढली आहे.

गोंधळ होतो तो इथेच. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, पानं मलूल होतात, आणि माणूस समजतो की झाड तहानलंय. म्हणून कुंडी उचलून बघा. तहानलेल्या झाडाची कुंडी हलकी लागते, पानं टोकाकडून कोरडी, कुरकुरीत होतात. कुजणाऱ्या झाडाची कुंडी जड असते, पानं मऊ पिवळी पडून बुडातून सहज सुटतात.

मऊ खोडाला औषध ओतून काही होत नाही, ते कापावंच लागतं. धारदार करवत स्पिरिटने पुसा आणि मऊ भागाच्या वर कडक लाकडात काप घ्या. काप पूर्ण पांढरट हवा. तपकिरी डाग किंवा कडं दिसलं तर पाते पुन्हा पुसून आणखी ५ सेंटीमीटर वर कापा, डाग संपेपर्यंत. मग तुकडा ४-५ दिवस सावलीत सुकू द्या. खालचं टोक कोणतं ते आधीच खडूने लिहून ठेवा, कारण उलटा लावलेला ओंडका रुजत नाही. अर्धी भरड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा मिश्रणात ८-१० सेंटीमीटर खोल रोवा. मिश्रण जेमतेम ओलसर ठेवा. मुळं फुटायला महिना-दोन महिने लागतात, तोवर उपटून बघू नका. एका कुंडीत दोन-तीन खोडं असतील तर नासलेलं तेवढंच काढा, बाकीची बहुतेक वेळा ठणठणीत असतात.

हे झाड एवढं नाजूक का, तर विकत मिळणारा घरातला जाडजूड युक्का हा सहसा करवतीने कापून रुजवलेला ओंडका असतो. वरचा काप मेणाने बंद केलेला असतो, खाली मुळं मोजकीच. पाण्याचा साठा खोडात असतो. मोठं खोड पाहून लोक मोठी कुंडी घेतात, आणि मुळं पोचत नाहीत ती माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. कुंडी बदलताना व्यास ३-४ सेंटीमीटरच वाढवा, त्याहून नाही.

आता खडीबद्दल. ‘निचऱ्यासाठी तळाशी खडीचा थर द्या’ हा सल्ला मी वर्षानुवर्षं खोडत आलोय आणि पुढेही खोडणार. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात आपोआप उतरत नाही. माती आधी पूर्ण भिजून तुडुंब होते, मगच थेंब खाली पडतात. म्हणजे खडी ओला थर फक्त वर ढकलते, थेट मुळांपाशी. निचरा हवा असेल तर वाळू-परलाइट सगळ्या मातीत मिसळा, कुंडीचं भोक मोकळं ठेवा आणि ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

दिवस मोजू नका. लाकडी काडी निम्म्या खोलीपर्यंत खुपसा. कोरडी निघाली की भोकातून वाहेपर्यंत पाणी द्या, मग पुन्हा काडी कोरडी निघेपर्यंत हात लावू नका. थंडीत हे अंतर तीन-चार आठवड्यांवरही जातं. उजेडही मोजा: खिडकीपासून दूर कोपऱ्यात झाड फारसं पाणी पीत नाही, आणि नवी पानं लांब, फिकट, लोळणारी येतात. खिडकीला लागून ठेवा, पण एकदम कडक उन्हात नको, दहा-पंधरा दिवसांत हळूहळू सरकवा.

आणि हो, अगदी खालची एक-दोन पानंच पिवळी पडत असतील आणि शेंड्यातून नवी येत असतील, तर ते जुनं पान गळणं आहे. ओढून काढा, बाकी काही करू नका. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर मात्र कुंडी उंचावर ठेवा. युक्कात सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, पानं चावली की उलट्या होतात.