स्टेम सेलच्या पॅकेजचे पैसे भरण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंच्या माथ्यावर गुळगुळीत चट्टा पडलाय, बायोप्सीत लायकेन प्लॅनोपिलॅरिस (केसांची मुळं कायमची नष्ट करणारा टाळूचा आजार) निघालं आणि आपल्या इंदूरच्याच एका क्लिनिकनं स्टेम सेलचं पॅकेज सुचवलंय. पैसे भरू नका. अकरा वर्षं हाच आजार मला आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

केसाच्या मुळाशी, तेलग्रंथीच्या जरा खाली, केस उभा करणारा बारीक स्नायू जिथे जोडलेला असतो तिथे एक फुगवटा असतो. स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, त्यात राहतात. केस गळला की नवा केस त्यांच्याच जोरावर उगवतो. चाईत सूज खाली, केसाच्या तळाच्या गड्ड्यापाशी असते, फुगवटा वाचतो, म्हणून केस परत येऊ शकतात. आपल्या आजारात प्रतिकारशक्ती थेट फुगवट्यावरच चालून येते. एरवी ती या जागेला हात लावत नाही; ते संरक्षणच ढासळतं. काही स्टेम सेल मरतात, काही रूप पालटून व्रण घडवणाऱ्या पेशींसारख्या होतात. मग छिद्र बुजतं, आणि तिथे पुन्हा केस येत नाही.

म्हणून सगळी धडपड चट्ट्याच्या कडेवर करायची असते, जिथे मुळं अजून जिवंत आहेत. क्लोबेटासोल (लावायचं स्टिरॉइड), स्टिरॉइडची इंजेक्शनं, डॉक्सीसायक्लिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (डोळ्यांचा पडदा तपासून घ्या) ही नेहमीची औषधं. पिओग्लिटाझोन मधुमेहाचं आहे. या आजारात पीपीएआर-गॅमा (चरबी आणि तेलग्रंथींचं काम सांभाळणारं प्रथिन) मंदावतं असं 2009 मध्ये दिसलं, आणि हे औषध त्याला चालना देतं, म्हणून ते वापरून पाहतात. गुण सगळ्यांना येत नाही, हृदय कमजोर असेल तर ते नकोच. टोफासिटिनिबसारख्या जॅक इनहिबिटरकडून (प्रतिकारशक्तीचे सूज वाढवणारे संदेश अडवणारी औषधं) मला खरी आशा वाटते, पण त्यावरचे अभ्यास अजून लहान आहेत.

क्लिनिकं पुष्कळदा स्टेम सेल म्हणून पीआरपीच देतात. ते आपल्याच रक्तातलं प्लेटलेटचं पाणी, त्यात केसांच्या स्टेम सेल नसतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत केसगळतीसाठी स्टेम सेल उपचाराला मान्यता नाही. केसरोपणही आजार एक-दोन वर्षं पूर्ण शांत राहिल्यावरच. नाहीतर लावलेले केसही जातात.

माझं दीड वर्ष कोंड्याच्या शांपूत गेलं. रामबागेतल्या घरी संध्याकाळी कंगवा लावला की टाळू पेटल्यासारखी व्हायची, आणि मी उन्हाळ्याला दोष देत राहिले. तेवढ्यात तळहाताएवढी जागा गेली.

आईंना कडेला खाज, आग किंवा दुखरेपणा आहे का, आजच विचारा. असेल तर आजार जागा आहे. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि कडेचा फोटो काढून ठेवा, पुढच्या महिन्यात तुलना करायला.