भुसावळहून पुण्याला निघताना
अगं, लेकराला घेऊन पहिल्यांदाच एवढ्या लांब निघतेस, तर आदल्या रात्री दशम्या करून ठेव. कणीक पाण्याऐवजी गूळ विरघळवलेल्या दुधात भिजव, लहान-लहान लाट, तूप सोडून भाज. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, नाहीतर वाफ धरून सकाळपर्यंत चिकट होतात. केळी काय, आपल्या घरचीच. पण जरा कडक बघून घे आणि पिशवीत सगळ्यात वर ठेव. माझी एकदा कपड्यांखाली गेली होती, मनमाड येईपर्यंत निम्मे झबले पिवळे! अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र 5 वर्षांखालच्या पोराला धावत्या गाडीत नकोच, घशात अडकतात. तिखट शेव तुम्हा दोघांसाठी.