कन्नडकडच्या डोंगरात, मुरमाच्या खड्या चढावर फोर-बाय-फोर बंद पडली. तोंड वर आहे. खाली कशी उतरवायची?

आधी चारही चाकांमागं नारळाएवढे दगड ठोका, मगच बोनेट उघडा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. लो रेंज (हळू पण जास्त जोराची गिअर-जोडी) आणि पहिला गिअर टाकून ठेवा. ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, दांडा न्यूट्रलला राहिला, तर गिअरचा काहीच उपयोग नाही, गाडी सरळ घसरते.

इंजिन बंद म्हणजे ब्रेकला बूस्टरची मदत दोन-तीन वेळाच मिळते, मग पेडल दगडासारखं कडक होतं. स्टिअरिंगही जड. म्हणून नुसत्या ब्रेकवर उतरवू नका.

गावातला ट्रॅक्टर बोलवा. तो गाडीच्या वर, तोंड चढाकडे करून लावा आणि लो रिव्हर्स गिअरला हळूहळू मागं सोडत आणा. दोर ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या पट्टीलाच) बांधा. वर टॉपलिंकला (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याला) बांधला तर ताण येताच पुढची चाकं उचलतात, ट्रॅक्टर उलटतो. गाडीकडून चॅसीचा हूक घ्या, बंपर नाही. दोर ताणला की मगच चाकांमागचे दगड काढा, गिअर न्यूट्रल करा, चावी ऑनच ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. दोरावर ओलं पोतं टाका, रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

पाऊस पडून गेला असेल तर थांबा. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरही धरत नाही.