वर्षभर हवा सुखद असेल असं राष्ट्रीय उद्यान कोणतं? जळगावहून आईवडिलांना घेऊन जायचं आहे.

वर्षभराचं म्हणाल तर केरळात मुन्नारजवळचं एराविकुलम. दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर, २६९५ मीटरचं अनाईमुडी तिथलंच. त्या उंचीमुळे उन्हाळाही जाणवत नाही. फक्त पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि नीलगिरी ताहर या रानबकरीच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद असतं. तारखा बघूनच तिकीट काढा.

पण आईवडील सोबत आहेत, तर मी मध्य प्रदेशातलं थंड हवेचं ठिकाण पचमढीच सुचवेन. सातपुडा राष्ट्रीय उद्यानाला लागूनच आहे, उंची हजार मीटरच्या वर. भुसावळहून इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणारी गाडी पकडा, पिपरियाला उतरा, पुढे रस्त्याने घाट. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ गाठतो तेव्हा तिथे दुपार तापते खरी, पण संध्याकाळी अंगणात बसवतं, रात्री झोप लागते. आपल्या माणसाला तेवढंही फार आहे! डिसेंबरात मात्र स्वेटर हवाच.

खान्देशात राष्ट्रीय उद्यान नाही. यावल अभयारण्य आहे, सुंदर आहे, पण तिथे थंडीतच जा. नुसती गार हवा हवी असेल तर तोरणमाळ.